ज्वारीवर ताणलेली फीत

३ जानेवारी
देवणीत कृषी सहाय्यक म्हणून रुजू झाले. नांदेडपेक्षा गारठा जास्त, पण खोली फक्कड मिळाली. घरमालकीण शरणम्मा एकट्याच राहतात. मला ‘पुनममाय’ म्हणतात, नको म्हटलं तरी ताटात धपाटं वाढतात. घरामागेच त्यांचं वावर आहे. ज्वारी हुरड्यात आलीय आणि पाखरं नुसती तुटून पडलीत. म्हटलं, हुशारी दाखवायला इथूनच सुरुवात करावी.

५ जानेवारी
शरणम्मामावशी लेकीकडे उदगीरला गेल्यात. फळीवर जुन्या कॅसेटी पडून होत्या, एकीवर निळा कागद. फोडून फीत काढली आणि पीळ देऊन वावरात काठ्यांना ताणली. वाऱ्यात गुणगुणते, उन्हात चमकते, पाखरू फिरकत नाही. शेजारचे रेवणसिद्ध म्हणाले, मॅडम लई डोकेबाज हाय. दिवसभर मिरवले. मावशींना विचारायचं तेवढं राहून गेलं.

८ जानेवारी, सोमवार
मावशी परतल्या. इष्टलिंगाची पूजा आटोपून टेपरेकॉर्डर पुढ्यात घेतला आणि निळ्या कागदाची कॅसेट शोधू लागल्या. त्यांचे यजमान ईश्वरप्पा लांब कामाला होते, तेव्हा पत्राऐवजी आवाज भरून पाठवायचे. ते गेल्यापासून मावशी दर सोमवारी तो ऐकतात. त्यांचा तेवढाच आवाज उरला होता.

मला विचारलं. मी म्हणाले, मी नाही पाहिली. वावरातली फीत नांदेडहून आणलीय, असंही ठोकून दिलं. स्वतःची किळस आली.

१० जानेवारी
फितीच्या गुणगुणीत एक पुरुष बोलतो. हळू, लाडानं, शरणम्मांचं नाव घेऊन. मावशी बांधावर उभ्या होत्या. म्हणाल्या, मालक बोलायलेत माय. मी म्हणाले, वारा आहे. लाजेनं मान वर होईना.

११ जानेवारी
फितीतला ईश्वरप्पांचा आवाज पुसला गेलाय. त्या जागी माझा. ‘मी नाही पाहिली.’ ‘वारा आहे.’ भर दुपारी, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा. रेवणसिद्ध माझ्याकडे न बघता निघून गेले. मावशी बांधावरच बसल्यात, जेवल्या नाहीत.

१२ जानेवारी
फीत कापली. वारा नाही — तरी बोलते. मावशींचे पाय धरून सगळं सांगणार होते, पण फीतच सांगते आहे — माझ्या आवाजात, रडत — मी अजून बोललेही नाही ते —

दुपार
मावशी दारात. हातात फितीचा गुंता. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, माज्या मालकाची जागा तू घेतलीस माय, आता दर सोमवारी तूच बोलायचं —

वावरात उरलेल्या फितीतून माझाच आवाज ओरडतोय — ‘मावशी, गळा सोडा’ —

पण मी तर अजून ओरडलेही नाही — त्या जवळ येतायत —