वजनात बसेल तो खेळेल

वडूज,
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

श्री. आप्पासो यांस,

वडूजहून इमामचा नमस्कार. घरी धोंडुबाईंनाही सांगा.

इकडे आम्ही ठीक आहोत. लग्नसराईमुळे गाद्यांचं काम बरं चाललं आहे. धाकटी अर्फा नववीत आहे, सहामाहीला तिला चांगले मार्क पडले. थंडी यंदा जास्त वाटते. तुमची मेंढरं कर्नाटकातून परत आली की अजून तिकडेच आहेत, ते कळवा.

काल तुमचा फोन आला तेव्हा मी, "मल्हारला आत्ताच्या आत्ता पाणी पाजा, तुमच्या समोर पाजा, पुढचं लिहून पाठवतो," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं तुम्हाला वाटलं असेल. फोनवर आपण दोघंही नुसते गप्प बसतो, हे तुम्हीही पाहिलं आहे. म्हणून लिहितो. हे पत्र उद्याच्या एस.टी.ने शंभूराज घेऊन येईल. तो आमच्या तौसीफच्या कबड्डीच्या संघात होता. सांगलीच्या दवाखान्यात तुमच्या मल्हारला खांद्याला धरून बसवणारा उंच मुलगा तोच. त्याला जेवू घाला, लाजतो.

काल तुम्ही सांगितलंत की मल्हार तीन महिन्यांनी पुन्हा मैदानावर जायचं म्हणतो आहे. रविवारी सांगलीला जिल्हा संघाची निवड चाचणी आहे. "तौसीफसाठी खेळणार म्हणतोय, इमामभाई," असं तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "सोमवारपास्नं पोरगं जेवत न्हाई. बिरोबाचा उपास धरलाय. पाण्याचा थेंब घेत न्हाई दिवसभर. देवाला लागलंय बघा." तुमच्या आवाजात समाधान होतं.

आप्पासो, तो आवाज मी ओळखतो. माझ्या घरात तोच होता.

सविस्तर लिहितो.

गेल्या पावसाळ्यापासून तौसीफने सोमवार-गुरुवारचे रोजे धरायला सुरुवात केली. रमजानचे फर्ज रोजे तो आधीही करायचा, पण हे आपल्या मर्जीचे. फरीदाला फार आनंद झाला. पहाटे उठून ती त्याच्यासाठी सहरी करायची. पराठा, अंडं, दूध. तो ताट घेऊन माडीवर जायचा, अभ्यास करत खातो म्हणायचा. संध्याकाळी एका खजुरावर रोजा सोडायचा आणि पोट भरलं म्हणायचा. फरीदाने हे मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं. तिच्या बहिणीला फोन करून सांगितलं. मीही दुकानात दोघा-तिघांना सांगितलं असेन.

दुकानात कापूस तोलायचा काटा आहे. त्यावर तो येता-जाता उभा राहायचा. मी एकदा म्हणालो, "काय रं, स्वतःला विकायला काढलंस का?" तो म्हणाला, "घेतंय कोण, अब्बा? नुसती हाडं हायेत." आम्ही दोघं हसलो.

ऑक्टोबरात सांगलीला विभागीय सामने होते. मी गेलो होतो, तुम्हीही होता. पुढचं तुम्ही पाहिलं आहे. तरी लिहितो, कारण मल्हारने हे माझ्या हातचं वाचावं असं मला वाटतं. तौसीफ चढाईला गेला. मल्हारने डाव्या कोपऱ्यातून येऊन त्याचा घोटा धरला. पकड स्वच्छ होती. तौसीफ पुढे पडला, हात रेषेकडे टाकला, पोचला नाही. पंचांनी शिट्टी वाजवली. मल्हार हसत उठला आणि त्याला उठवायला हात पुढे केला. तौसीफने तो धरला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मान, डोकं, छाती, कुठेच मार नव्हता. त्यांनी विचारलं, "मुलगा पाणी पीत नव्हता का? अंगातलं पाणी आणि क्षार इतके उतरले होते की हृदयाचे ठोके बिघडले." त्या दिवशी गुरुवार होता. मी म्हणालो, "रोजा होता."

घरी येऊन मी फरीदाला हे सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आवं, हे कुनाला बोलू नगा. लोकं रोज्याला नावं ठेवतील." मलाही ते पटलं. एवढ्या उन्हात रोजा धरून खेळायला का पाठवलं, असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? म्हणून आम्ही नुसतं "मैदानावर गेला" असं सांगत राहिलो. लोकांनी मोबाइलवरची ती चित्रफीत पाहिली, त्यात पकड होती, आणि ज्याने त्याने जे समजायचं ते समजून घेतलं. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, दुकानात अर्ध्या शिवलेल्या गादीवर बसलात, चहा घेतला नाही. फरीदा बाहेर आली नाही. आतून ती म्हणाली, "त्या पोरानं माझ्या लेकराचा पाय धरला." ते तुम्हाला ऐकू गेलं असणार. ती तोपर्यंत स्वतःलाही तेच सांगायला लागली होती. रोज्यापेक्षा ते तिला सोपं जात होतं.

आता शंभूराजचं लिहितो.

संक्रांतीला तो दुकानात तिळगूळ द्यायला आला. दिला, आणि जाईना. मी गादीला टाके घालत होतो. तो म्हणाला, "चाचा, तौसीफचा रोजा नसायचा."

मी विचारलं, "मग?"

"वजन उतरवत होता."

त्याने जे सांगितलं ते मल्हारला सगळं माहीत असेल. तुम्हाला नसेल, मलाही नव्हतं. शाळेच्या कबड्डीत वजनाचा गट असतो. यांचा पंचावन्न किलोचा. सामन्याच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं करतात. वर गेला तो बाहेर. शाळेत कबड्डी शिकवणाऱ्या भाऊसो सरांचं वाक्य ठरलेलं होतं, वजनात बसेल तो खेळेल. उपाशी राहा असं सर कधी म्हणाले नाहीत, शंभूराजने हे दोनदा सांगितलं, म्हणून मीही लिहितो. पण पोरं आपसात शिकतात. आदल्या दिवसापासून पाणी बंद. उन्हात जाकीट घालून पळायचं. थुंकत राहायचं. सगळ्या संघांतली चांगली पोरं हेच करतात, आणि करतात म्हणूनच चांगली ठरतात. साठ किलोचं अंग पंचावन्नात बसवलं की समोरचा खरा पंचावन्नचा पोरगा कागदासारखा उडतो. हे शब्द तौसीफचे.

तो गेल्या वर्षात चांगलाच भरला होता. घरात जेवण सोडलं तर फरीदा विचारणार. म्हणून त्याने रोजे काढले. सहरीचा पराठा तो शंभूराजला द्यायचा. "चाचीच्या हातचा पराठा चार महिने मी खाल्लाय, चाचा," असं म्हणून तो पोरगा दुकानात रडला.

त्या सकाळी सांगलीला दोन्ही संघांची पोरं कॅनॉलच्या रस्त्यावर जाकिटं घालून पळत होती. तौसीफ आणि मल्हार शेजारी शेजारी पळाले. नावं तिथेच विचारली एकमेकांना. शंभूराज मागे होता, त्याने ऐकलं. मल्हार म्हणाला, "गड्या, आजून थुक की. पावशेर ऱ्हायलाय तुझा." तौसीफ म्हणाला, "थुकीच संपली रं. तुझी दे उसनी." दोघं हसून हसून थांबले, मग पुन्हा पळाले. काट्यावर दोघंही वजनात बसले. त्यानंतर तौसीफ पाणी प्यायला, पण ते उलटून पडलं. शंभूराज म्हणाला, बस आता. तौसीफ म्हणाला, "एवढं केलं ते बाहेर बसायला का?" आणि त्यांचा सामना पहिलाच लागला.

एवढं सगळं माहीत असून मल्हार तीन महिने काय समजत असेल, ते मला सांगता येत नाही. बहुतेक पकडच समजत असेल. पोरांना वजनाची भीती वाटत नाही, ते रोजचं असतं.

हे मी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. फरीदाकडे मुलाचं फार थोडं उरलं आहे. त्यात ते रोजे होते. ते काढून घ्यायला माझा हात पुढे होत नव्हता. काल तुमचा फोन आला नसता तर मी अजूनही सांगितलं नसतं, हे खरं आहे.

फोन ठेवला आणि तिच्याकडे गेलो. ती उशांना खोळी घालत होती. मी शंभूराजने सांगितलं तसं सगळं सांगितलं. खोळ घालून झाली, तिने दुसरी घेतली.

"मग रोजा नव्हताच?"

"नव्हता."

"एक बी?"

"ते मला माहीत नाही, फरीदा."

तिने दुसरी उशी खोळीत सारली. मग म्हणाली, "तहान लागली असंल की त्याला."

मी तिच्याजवळ खाली बसलो.

मग तिने विचारलं, "कुनाचा फोन हुता?" मी सांगितलं, जतहून, मल्हारच्या वडिलांचा, पोरगं सोमवारपासून उपास करतंय म्हणत होते. तिने उशी बाजूला ठेवली. "आनि तुमी काय म्हनलासा?" मी म्हणालो, पाणी पाजा म्हणालो. "पाजलं का? परत इचारलं का?" मी विचारलं नव्हतं. "काय मानूस हाय!" असं म्हणून तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि तुमच्या घरी लावला. धोंडुबाईंनी उचलला असावा. ती बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. तुम्ही धोंडुबाईंना विचारा, सांगितलं तर सांगतील. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "पेज प्यायला म्हनत्यात," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा उशा घेतल्या.

आता मल्हारसाठी काही गोष्टी. त्याला जवळ बसवून वाचून दाखवू नका, पत्र हातात द्या. तो एकटा वाचेल.

रविवारी तो वजनात बसत नसेल तर त्याला काट्यावर उभं राहू देऊ नका. निवड होणार नाही. ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही, तुम्हाला नको ते म्हणेल. म्हणू द्या. पुढच्या वर्षी वरचा गट असतो. जेवूनखाऊन बसत असेल तर जरूर पाठवा. त्याची पकड चांगली आहे. मी ती चित्रफीत जेवढ्या वेळा पाहिली तेवढी कुणी पाहिली नसेल, म्हणून सांगू शकतो.

तौसीफसाठी म्हणून त्याने खेळू नये. तौसीफला त्याचा काही उपयोग नाही. खेळावंसं वाटलं तर स्वतःसाठी खेळावं, नाही वाटलं तर मेंढरामागे जावं. दोन्हीला माझी हरकत नाही.

मला सामना बघायला बोलवू नका. राग नाही. पण चढाईला पोरगं निघालं की मला उभं राहवत नाही.

बिरोबाचा उपास खरंच असेल आणि मी उगीच शंका घेतली असेल तर माफी असावी. तरी शंभूराजसमोर त्याला विचारा. शंभूराजला खोटं कळतं.

भाऊसो सरांकडे मी सोमवारी जाणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. मला बोलता येत नाही, पण जाणार. तुम्हीही तुमच्या शाळेत जा.

शेवटचं. आमच्या गप्प राहण्यामुळे तुमच्या मुलाच्या नावाला जे लागलं, ते तोंडी निघायचं नाही. म्हणून इथे लिहून देतो. आमचा मुलगा तौसीफ हा मल्हारच्या पकडीमुळे गेला नाही. पकड नियमातली होती. तो गेला तो अंगातलं पाणी संपल्यामुळे, आणि ते त्याने वजनासाठी स्वतः संपवलं होतं. गावात, शाळेत, सांगलीत, कुणीही मल्हारला काही म्हणालं तर त्याने हा कागद पुढे करावा. मी नाव पूर्ण लिहितो. हे सगळं मी फरीदाला वाचून दाखवलं. तिने दुरुस्ती काही सांगितली नाही. पेन मागितलं.

इमाम दस्तगीर नदाफ
तौसीफचे वडील

फरीदा इमाम नदाफ
तौसीफची आई