दुसऱ्या शंखानंतर

सवाई बेट, सामोआ
३ मार्च १९८७

चि. मातालेना हिला लोसाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल पोचलं. साबण, मासळीचे डबे आणि बाबांसाठी नायलॉनच्या दोरीची चार बंडलं. सोबतची तुझी चिठ्ठी मी त्यांना वाचून दाखवली, की बाबा, आता नारळाची सोडणं कुटून काथ्या वळायचे कष्ट पुरे. त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून ते बोलत नाहीत. तू म्हणशील, बोलायचे कधी? खरंच. प्रार्थनेचा पहिला शंख वाजला की गाव गप्प होतं, दुसरा वाजला की सुटतं, पण बाबा त्यानंतरही तसेच काथ्या वळत बसायचे. त्या गप्पपणात मला जागा असायची. आता मी शेजारी टेकले की ते उठून दुसऱ्या खांबाला जाऊन बसतात. ताट निम्मं परत येतं. काका म्हणतात, म्हातारा संत झाला, त्याला त्रास देऊ नका. मला भीती वाटते गं. कॉन्व्हेंटमधला मौनाचा तास आठवतो? मला ती सुट्टी वाटायची आणि तुला शिक्षा. म्हणून तुलाच विचारते, बाबांना झालंय काय?

सांभाळून राहा.
तुझी ताई

ऑकलंड
२१ मार्च १९८७

ती. लोसाताईस मातालेनाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी वाटलं, तिकीट पाठवून बाबांना इकडेच आणावं, डॉक्टरांना दाखवावं. मग गेलं वर्ष आठवलं. माझे गुडघे दुखतात म्हणून लॉन्ड्रीतल्या पोरींनी मायेनं मला इस्त्रीवरून उठवून खुर्चीत बसवलं. महिनाभर मी घरात तोंड उघडलं नाही. आमचे हे शेजाऱ्यांना सांगत होते, बायको शांत झाली, देव पावला!

ताई, ती दोरी मीच पाठवली ना? हे पत्र बाबांना वाचून दाखव. पोर चुकली म्हणावं. तिकिटाचं ते म्हणतील तसं करू.

तुझ्या मायेची भुकेली,
मातालेना

सवाई
१२ एप्रिल १९८७

चि. मातालेना, उदंड आशीर्वाद.

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. म्हणाले, दोरी चांगली आहे, पण गाठीत सरकते. तिला काय कळणार, शहरात गाठी मारतं कोण? आणि मलाच दरडावलं, की सोडणं भिजत घालायला तुला काय मुहूर्त हवा? मी सोडणं घेऊन धावतच खाडीवर गेले.

आता पुन्हा मांडीवर काथ्या वळतात, जेवतात. परवा आनंदाच्या भरात माझं तोंड थांबेना, तेव्हा म्हणाले, लोसा, सगळं आजच संपवणार आहेस का? बैस. मी बसले. अंधार पडेपर्यंत दोघंही काही बोललो नाही. तुझे उपकार कसे मानू, मातालेना? बाबा परत मिळाले.

तिकिटाचं विचारलं. म्हणाले, तिनं स्वतःचं काढावं. आल्यावर माफी मागायची नाही, काही समजावायचं नाही. नुसतं येऊन शेजारी बसायचं.

चटई मी आजच उन्हात टाकली आहे.
तुझी वाट पाहणारी,
लोसाताई