चार बोटं सूत

सोलापूर, शुक्रवार संध्याकाळ, १९३४

आज पुन्हा डोक्यावरून विमान गेलं. शाळा सुटल्यावर शेजारचे विणकर लक्ष्मय्या वर्गात आले. "मास्तर, त्याला मुंबई किती लांब?" मी पट्टी शोधेपर्यंत त्यांनी नकाशावर सूत धरलंसुद्धा. आधी कुर्डुवाडी, पुणे, घाट असं आगगाडीच्या वळणांनी. मग तेच सरळ ताणलं, तर मुंबईपुढं चार बोटं उरलं. भूगोल शिकवतो मी, मला का नाही सुचलं?

"गाडीला रात्र लागते, विमानाला अडीच तास पुरावेत," मी म्हणालो. त्यांचं लक्ष उरलेल्या सुताकडे. लेक मुंबईला दिलीय त्यांची.

"एवढी जवळ आली की पोर माझी!"

विमान सोलापूरला थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी ते चार बोटं सूत तोडून त्यांनी पागोट्यात जपून खोवलं.