आंब्याखालचं लव्हाळं

रिसोड, ७ जुलै १९७४

ती. दादास,
वच्छलाचा सप्रेम जय भीम. वि. वि. आम्ही दोघं खुशाल.

शाळा सुरू झाली, मला दुसरीचा वर्ग मिळाला. घरामागं आंब्याची दाट सावली आहे. मेथी लावली, गवार लावली, काही येत नाही. काल तिथं उभी असताना आपल्या जंगलातला नाला आठवला. जांभळांखाली, ऊन पोचत नाही तिथं, लव्हाळं कसं गच्च वाढतं! आई त्याच्या चटया विणायची, मी भिजवलेल्या काड्या तिच्या हातात द्यायची. एक गड्डा पाठवशील? आईला विचारलंस तर काय म्हणाली तेही लिही. लग्नाला दोन वर्षं झाली, पण बिजवराच्या घरचं पाणी पिणार नाही, हे तिचे शब्द अजून कानात आहेत.

वहिनीस जय भीम. आठवण ठेवतोस तशीच ठेव.
तुझी वच्छला

अनसिंग, १८ जुलै १९७४

चि. सौ. वच्छलास,
दौलतरावचा सप्रेम जय भीम. तुह्यं पत्र भेटलं. आई ज्वारी पाखडत होती, वाचून दाखोलं तरी सूप थांबलं नाई. गड्डा पाठवू काय, इचारलं, तं म्हने जंगल काय माह्या बापाचं हाय? पन मी गड्डा काढून आनला, तवा तिनंच मुळं सागाच्या पानात गुंडाळली अन् ओलं फडकं बांधलं. तुह्यासाठी निरोप मांगतला, तं उठून गोठ्यात गेली.

शेजारचा ग्यानबा बैल पाह्याले रिसोडले येऊन राह्यला, त्याच्या हाती धाडतो. देवमनराव भाऊजीले जय भीम सांग. दोघं जिवाले जपा.
दादा

रिसोड, ४ ऑगस्ट १९७४

ती. दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि. हसू नकोस. ग्यानबाभाऊंनी गड्डा दवाखान्यात यांच्या हाती दिला. मी शाळेत होते. माझ्या माहेरची वस्तू म्हणून यांनी ती सगळ्यात चांगल्या जागी लावली, दारापुढं, भर उन्हात! पावसानं उघडीप दिली तशी पाती पिवळी पडली. मला रडूच आलं. हे घाबरले. म्हणाले, मी तर चांगलंच करायला गेलो होतो. मग चार काठ्या रोवून त्यावर गोणपाटाचा मांडव घातला. आता कामावरून आले की रोग्याची नाडी पाहावी तसे वाकून बघतात. कंपाउंडरच ते! पुन्हा उपटून हलवायचा मला धीर होत नाही.

आईला हे वाचून दाखवू नकोस, तिला वाईट वाटेल. मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी वच्छला

अनसिंग, ११ ऑगस्ट १९७४

चि. सौ. वच्छलास,
सप्रेम जय भीम. नको म्हनलं होतं तरी वाचून दाखोलं. गोनपाटाच्या मांडवापाशी आलो अन् आई हासली. खरंच हासली! तेवढंच मले पुन्हा वाचाले लावलं. मंग म्हने, बिजवर हाय तं हाय, मानूस निबर नाई.

आज नाल्यात जाऊन भिजून आली, दोन गड्डे घेऊन. मी म्हनलं, ग्यानबाले देतो. तं माह्यावरच खेकसली, त्याच्या हाती कायले, आता मीच जाईन म्हने. येत्या रविवारी मी तिले वाशीमवरून रिसोडच्या गाडीत बसोतो. तुमच्या घरी पानी पील का नाई, मले सांगता येत नाई. मन घट्ट ठेव.
दादा

रिसोड, २२ ऑगस्ट १९७४

ती. दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि. आई सुखरूप पोचली. हे स्टँडवर गेले होते, पण तिनं गड्डे यांच्या हाती दिले नाहीत. घरी आली ती थेट परसात. आंब्याखाली हातानंच माती उकरू लागली. यांनी पाण्याची बादली आणून ठेवली. दारापुढचा गड्डाही तिनं मातीसकट उचलून सावलीत नेला. बुडाशी एक हिरवा कोंब होता. तुमच्या गोणपाटानं वाचला जावईबापू, असं म्हणाली. दादा, जावईबापू म्हणाली!

मग ओसरीवर टेकली. यांनी तांब्या पुढं केला. माझा जीव टांगणीला. तिनं तो रिकामा केला आणि इथलं पाणी जड आहे म्हणून आम्हालाच नावं ठेवली.

काल परत निघणार होती. पिशवी भरली, परसात एक चक्कर मारून आली आणि पिशवी पुन्हा खुंटीला लावली. म्हणते, नवी पाती फुटू दे, मंग पाहू. तिचं दुसरं लुगडं कुणाच्या तरी हाती लवकर पाठव.

तुझी माया आहेच, आता आईचीही आहे.
तुझी वच्छला