सर्चमध्ये पहिला नंबर

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद असलेली बरी. आमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट कालपासून सुरू झाली. मेहुण्याचा, म्हणजे हिच्या धाकट्या भावाचा, कपड्यांचा कारखाना आहे. चाळीस मशीन. म्हणतो, भाऊजी, दुकान बंद करा आणि आमची मशीन सांभाळायला या. मेहुण्याच्या हाताखाली! पंचवीस वर्षं स्वतःचं शटर स्वतः वर करणारा माणूस मी. हिचं म्हणणं, दुकानात दिवसाला दोन माणसं येतात, त्यातला एक पत्ता विचारायला. महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवा म्हणाली. ठरलंच आहे. महिनाअखेर आपण सर्चमध्ये पहिल्या पानावर, आणि दारात रांग.

त्याच दिवशी, दुपारी ४.
आलो! दुकानाचं नाव टाकलं, आपणच सगळ्यांत वर. सात तासांत! महिना उगाच धरला होता.

३ नोव्हेंबर.
लेक कॉलेजात शिकते, त्यामुळे बापाच्या उत्साहावर पाणी ओतणं तिला जमतं. म्हणाली, बाबा, ज्याला दुकानाचं नाव माहीत आहे तो शोधेल कशाला? नुसतं 'शिलाई मशीन दुरुस्ती' टाकून बघा. टाकलं. अकराव्या पानापर्यंत गेलो. अंगठा दुखायला लागला. बाराव्यावर आहोत असं धरून चाललोय.

६ नोव्हेंबर.
जालीम उपाय केला. वेबसाइटवर 'शिलाई मशीन दुरुस्ती' दोनशे वेळा टाइप केलं, तेही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसायला नको. लेक म्हणते, सर्च इंजिनला असली लबाडी कळते, उलट ते खाली ढकलतं. सगळं पुसलं. एक बाई मशीन घेऊन आल्या होत्या, पण मी एकशे चाळिसाव्या ओळीवर होतो. उद्या या म्हटलं.

१० नोव्हेंबर.
काल वेबसाइटवर ६१ भेटी! ही म्हणाली, तुम्हीच उघडून बघत असाल. साफ खोटं. मी फार तर दहादा बघतो.
बरं, पन्नासदा.
त्या बाई परत आल्या नाहीत. लोकांना धीरच नाही.

१२ नोव्हेंबर.
लेकीने कुठल्याशा तज्ज्ञाचा व्हिडिओ दाखवला. तो म्हणतो, लोकांच्या अडचणी सोडवणारे लेख टाका, नंबर आपोआप वर येतो. एवढंच ना? बसलो लिहायला. 'खालचा दोरा गुंततो, काय करावं?' पंचवीस वर्षांत कुणालाही न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. कुठला स्क्रू, किती फिरवायचा, कधी थांबायचं. लेकीने हातांचे फोटो काढले. हात फोटोत चांगले येतात माझे, हे आजच कळलं.

१९ नोव्हेंबर.
आठ लेख झाले. सुई का मोडते, टाका का सुटतो, मशीन जड का चालतं. आज आपण तिसऱ्या नंबरवर! एका लेखाखाली कुणीतरी लिहिलंय, 'दादा, घरच्या घरी दहा मिनिटांत झालं.' मला भरून आलं. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, घरच्या घरी? मी म्हटलं, हो ना, बघ! ती भाजी चिरायला उठली. कौतुकाच्या बाबतीत ही पहिल्यापासून कंजूष आहे.

२४ नोव्हेंबर. सकाळी १०.
पहिला नंबर! लेकीच्या फोनवर पाहिलं, शेजारच्या चष्मेवाल्याच्या फोनवर पाहिलं, चष्मेवाल्याच्या बायकोच्या फोनवरही पाहिलं. काल दोन हजार तीनशे भेटी. दुकानासमोर दोन खुर्च्या मांडल्या, रांगेत म्हातारी माणसं असतात.

संध्याकाळी ७.
एकजण येऊन बसला होता. चष्मा न्यायला आलेला. खुर्च्या आत घेतल्या.

२६ नोव्हेंबर.
फोनला उसंत नाही. सगळे आभार मानतात. दुपारी नाक्यावरचे शिंपीकाका आले, वीस वर्षांचं आपलं गिऱ्हाईक. मी पान्हा घेऊन उठलोसुद्धा. म्हणाले, मशीन नाही आणलं हो, तुमचं वाचून मीच केलं, आता तुम्हाला कधी त्रास द्यायला नको. माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. मी वा वा म्हटलं. फारसं मनापासून नव्हतं.
लेकीला विचारलं, लेख काढून टाकले तर? म्हणाली, मग नंबरही जाईल. आता हातात आलेला पहिला नंबर कोण सोडतो?

३० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.
हिने सकाळपासून विषयच काढला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी दुकानात येऊन मीच मेहुण्याला फोन लावला. मान खाली घालून, फोनवर दिसत नाही तरी. म्हटलं, येतो उद्यापासून.
तो चाचरत म्हणाला, भाऊजी, पंधरा दिवस आधी बोलला असतात तर. कारखान्यातल्या बायका आता तुमचे लेख वाचून स्वतःच मशीन नीट करतात. आठही लेख छापून भिंतीला लावलेत. त्या कामाला आता वेगळा माणूस लागतच नाही. काय सुरेख लिहिता हो तुम्ही! फक्त काजं करायच्या मशीनवर काही लिहिलेलं नाही, तेवढं टाकलंत तर आमचं सगळंच भागेल.
हिला अजून सांगितलेलं नाही. काजांच्या मशीनचा लेख अर्धा झालाय.