डाव्या तळहाताची ऊब

सोमवार, संध्याकाळ. लातूर

आज उदगीरहून आईचा फोन. "लिंग गळ्यात हाय का रे?" इष्टलिंगाची डबी कपाटात आहे, म्हणालो. वाटलं, रागावेल. तर म्हणाली, "असू दे. पण गार पडू देऊ नको त्याला."

तेव्हापासून अप्पाच, माझे वडील, आठवतायत. दुकान उघडायच्या आधी ते मला पूजेला शेजारी बसवायचे. माझ्या गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवायचे आणि खालून स्वतःचा हात धरायचे. लिंग कोमट लागायचं. "अप्पा, देव जिता हाय!" ते हसायचे. "तुझ्याच अंगाची ऊब हाय लेका ती." मी विचारायचो, मग देव खरंच आहे का? "बसून बघ की." एवढंच.

बसलो कुठं? नांदेडला कॉलेजात गेल्यावर काढून ठेवलं, ते ठेवलंच. अप्पांना माती दिली तेव्हा त्यांचं लिंग त्यांच्या डाव्या हातात होतं.

आज माझं कपाटातून काढलं. थंडगार. मुठीत धरून बसलो, चहा निवून गेला. हळूहळू ते कोमट झालं. माझीच ऊब, कळतं की मला. देव आहे का, ते अजूनही कळत नाही.

उजव्या हातानं हे लिहितोय. डावी मूठ काही उघडवत नाही.