आईंच्या डोक्यावरचा भारा

तलवाडा,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

ती. सत्यशीलाताई,
रोहिणीचा नमस्कार घ्यावा.

काल संक्रांत झाली. केशरबाई मावशी उद्या सकाळच्या गाडीने मुलाकडे पुण्याला निघाल्या आहेत, त्यांच्याजवळ हे पत्र आणि तुमच्या घरचा तिळगूळ देत आहे. इकडे सगळे बरे आहे. कापसाची दुसरी वेचणी झाली. म्हैस आटत आली आहे, एक वेळच दूध देते. तुमच्या भावांची, म्हणजे यांची, जिनिंगवर दहाची दिवसपाळी चालू आहे. सत्यमला पहिलीच्या बाईंनी वर्गाचा मॉनिटर केलं, तेव्हापासून तो घरात आम्हालाही हाताची घडी घालून बसवतो.

रविवारी तुम्ही फोन ठेवल्यानंतर मी चार वेळा लावला. तुम्ही उचलला नाही, ते बरोबरच होतं. उचलला असता तरी मला धड बोलता आलं नसतं. माझे आई-बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तेव्हा थोरल्या काकूंनी मला घरीच लिहायला शिकवलं होतं, ते आई-बाबांना पत्र पाठवता यावं म्हणून. तेव्हापासून मी तोंडाने घाबरते, कागदावर कमी घाबरते.

अभिमन्यू भाऊजींनी भावकीच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ खरा आहे. पुढे आई, डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, आणि मागे मी, मोकळ्या हातांनी. खाली त्यांनी लिहिलं, ‘सून मोकळी, सासू हमाल.’ तुम्ही म्हणालात, माझी आई बावीस वर्षं मोळ्या वाहून थकली, आता तूही तिला वाहायला लावतेस का. एकोणीसला येते आणि तिला कायमची घेऊन जाते. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पण तो भारा मी दिलेला नाही, ताई. तो त्यांनी मागून घेतला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आईंना म्हटलं, उद्यापासून आपण दोघी चालायला जाऊ. त्या म्हणाल्या, “कावून? कुठं जायचंय?” म्हटलं, कुठं नाही, नुसतं चालायचं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच ताप आला आहे. “कुठं जायचं न्हाई तर मग परत कुठून यायचं?”

तरी आल्या. कालव्याच्या रस्त्याने निघालो तर दर दहा पावलांवर मोटारसायकल थांबायची. “सरूबाई, बसा की, दवाखान्यात का?” एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही झालं का. आई मग प्रत्येकाला वेगळं सांगायच्या. एकाला म्हणाल्या, लग्नाला चाललोत. दुसऱ्याला म्हणाल्या, माझी सून पळून चालली हाय, तिला सोडाया चालले.

हसण्यावारी नेत होत्या, पण त्यांना चालता येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. एका बाजूला झुकायच्या, हात कधी कमरेवर, कधी पदरात. दुसऱ्या दिवशी दोनदा तोल गेला. म्हणाल्या, “रिकामं चालायची सवय न्हाई गं मला. हात कुठं ठिवावं तेच कळंना.” तीन दिवस असे गेले आणि वेळही जुळेना. पहाटे धारा, मग डबे, सत्यमची शाळा, चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी. अर्धा तास काढला की दुसरीकडून तो तास होऊन निसटायचा. चौथ्या दिवशी मी ठरवलं की हे आपल्याकडून होणार नाही.

त्याच दिवशी तुमच्या भावांची गाडी पंक्चर झाली. वैरण तेच मोटारसायकलवरून आणतात. म्हैस ओरडायला लागली तशा आई उठल्या आणि सरळ रानात निघाल्या. मी मागे. शेजारच्या फडात तोड चालू होती, तिथून त्यांनी वाढं गोळा केलं, बांधलं, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “उचलू लाग.”

पुढचं मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. भारा डोक्यावर बसला आणि आईंची पाठ सरळ झाली. मला त्या नेहमी माझ्या खांद्याएवढ्या वाटायच्या. त्या दिवशी कळलं, त्या माझ्यापेक्षा उंच आहेत. मान जागची हलत नव्हती. भाऱ्याला हात लावलेला नव्हता, दोन्ही हात मोकळे, शांतपणे मागे-पुढे. कालव्याच्या कडेला किती खडे आहेत तुम्हाला माहीत आहे; त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही. पायांना सगळं ठाऊक होतं. पाठीमागे वाढ्याची टोकं लोंबत होती, ती एका लयीत वर-खाली होत होती. मी सव्वीस वर्षांची, चपला हातात घेऊन मागे पळत होते, आणि त्या वळूनही न बघता म्हणाल्या, “पाय उचल पोरी. मुकादम खाडा लावंल.”

देवळात गेल्यावर आपण आपोआप गप्प होतो ना, तशी मी त्यांच्या मागे गप्प झाले. मी आई-बाबांबरोबर लहानपणी फडात गेले आहे, फळीवरून ट्रकवर मोळी नेणाऱ्या बाया बघितल्या आहेत. तेव्हा मला फक्त त्यांची कीव यायची. त्या काय करत आहेत, हे मी बघितलंच नव्हतं. तुम्ही ते बघितलं असेल. नसेल तर मला वाईट वाटतं.

घरी आल्यावर मी घाबरले आणि आईंना नेऊन गेवराईच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान, गुडघे तपासून सांगितलं, पाच किलोच्या वर नको. म्हणून रोज भारा आधी उत्तरेश्वर काकांच्या कापसाच्या काट्यावर नेते. आईंना ते मुळीच आवडत नाही. “पाच किलो? एवढं तर माझं लुगडं भिजल्यावर व्हतंय.” काका म्हणतात, सरूबाई, सुनेनं तुमच्यावर इन्स्पेक्टर बसवला. पण आता सकाळची वैरण आमची, तुमच्या भावांकडे फक्त संध्याकाळची. त्या वेळात ते सत्यमची अंघोळ आणि शाळा बघतात. आधी कुरकुरले, आता डबा भरणं सोडून सगळं येतं. आमच्या घरात व्यायामाला वेळ नव्हता, वैरणीला होता. आठ ते साडेनऊ, जाऊन-येऊन चार किलोमीटर.

इथवर जे लिहिलं ते सोपं होतं. ज्यासाठी कागद घेतला ते अजून लिहिलेलं नाही.

भाऊबिजेला तुम्ही आईंच्या शुगरसाठी पावलं मोजणारं घड्याळ ठेवून गेलात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते काढून टाकलं. म्हणाल्या, हाताला बेडी घातल्यावानी वाटतंय. त्या दिवशी तुमचा मेसेज आला, ‘आज आईची पावलं किती?’ वाया जाऊ नये म्हणून घड्याळ मीच सहज हातात घातलं होतं. बघितलं तर बारा हजार आठशे चाळीस. ताई, त्या दिवशी मी अंगणाबाहेर गेले नव्हते. चूल, हौद, गोठा, गच्ची, पुन्हा चूल. मला खरं वाटेना. मी आकडा तुम्हाला पाठवला. ‘हे माझे आहेत’ असं लिहायचं होतं, पण तेवढ्यात तुमचं उत्तर आलं, ‘शाब्बास, शाब्बास. मला अभिमान वाटतो.’

मी पुढचं लिहिलं नाही.

तुम्ही दुखावू नये म्हणून गप्प राहिले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. ती शाब्बासकी मला हवी होती. लग्नाला सात वर्षं झाली. मी दिवसभरात किती चालते हे कुणी विचारलं नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचा, रोज शाब्बास म्हणायचा. मी रोज आकडा पाठवायचे. असे चोवीस दिवस. त्या चोवीस दिवसांत आई ओसरीवर बसून होत्या.

नोव्हेंबर संपताना शुगर तपासली तर उपाशीपोटी दोनशे अडुसष्ट. तुम्ही फोनवर आईंना रागावलात. एवढं चालूनही वाढते म्हणजे तू चोरून गोड खातेस, आजपासून एका वेळेला अर्धीच भाकरी. मी तिथेच उभी होते. आईंना पूर्ण माहीत होतं की घड्याळ माझ्या हातात आहे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोनमध्ये म्हणाल्या, “व्हय बाई. चुकलं माझं.”

आठ दिवस त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. मी वाढायचे आणि त्या ताट बाजूला सारायच्या, “लेकीला शब्द दिलाय.” नवव्या दिवशी दुपारी मी आत गेले तर त्या माठापाशी उभ्या राहून पाणी पीत होत्या, एकामागून एक तांब्या, पोट भरावं म्हणून. मी पाय धरले. त्या म्हणाल्या, “उठ, सत्यम बघंल.” चालायला जाऊ, हे मी त्यांना त्या दिवशी म्हटलं. शुगर तपासली त्याच संध्याकाळी घड्याळ बिघडलं असं मी तुम्हाला कळवलं होतं. तेही खोटं होतं. घड्याळ चालू आहे, कपाटात ठेवलं आहे.

गेल्या शुक्रवारची शुगर उपाशीपोटी एकशे एकसष्ट आली. माझ्या आकड्यावर तुम्ही विश्वास का ठेवावा, म्हणून रिपोर्टची झेरॉक्स आणि डॉक्टरांचा नंबर सोबत जोडला आहे. त्यांनाच विचारा. आई आता दीड भाकरी खातात, तीही डॉक्टरांनीच ठरवून दिली आहे.

हे पत्र मी आज दुपारी आईंना वाचून दाखवलं. त्यांच्याविषयी लिहिलेलं त्यांच्या पाठीमागे जाऊ नये, असं वाटलं. सुरुवातीला हसत होत्या. पुढे शेंगा निवडायला घेतल्या. पुरं झाल्यावर एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग म्हणाल्या, “भाकरीचं तेवढं गाळ. लेक हाय माझी, तिला लई लागंल. आन् तुलाबी बोलंल.”

मी विचारलं, “पुण्याला जायचं का तुम्हाला?”

“तिला यायचंय तर येऊ दे. मी काय सांगू?” आणि थोड्या वेळाने, शेंगांकडे बघतच, “पाचव्या मजल्यावर वैरण कुणाला टाकू?”

हे मी माझ्या बाजूने लिहीत नाही. त्या बोलल्या म्हणून लिहिलं. त्यांना न्यायचं की नाही, हा तुमचा अधिकार आहे. तुम्ही म्हणाल तर त्यांचे कपडे मी भरून ठेवीन. रविवारी मला जे बोलायचं ते बोला, मी ऐकीन, मध्ये उत्तर देणार नाही. फक्त ठरवण्याआधी एकदा सकाळी कालव्यावर या आणि त्यांच्या मागे चाला. बरोबरीने चालायला जाऊ नका, जमत नाही.

भाकरीचं मी गाळलेलं नाही. सात वर्षांत आईंचं न ऐकल्याची ही पहिलीच वेळ.

तुमच्या मनात ते नातं अजून असेल तर,
तुमची भावजय
रोहिणी